खिळा, खण आणि ग्रंथ : जावजी दादाजी यांचे जीवितकार्य

१. प्रास्ताविक

अर्वाचीन मराठी वाङ्मयाच्या इतिहासग्रंथांत मुद्रणाचा विचार बहुधा पहिल्या प्रकरणात येतो आणि तेथेच संपतो. श्रीरामपूर, अमेरिकन मिशन, गणपत कृष्णाजी, निर्णयसागर ही नावे क्रमाने सांगितली जातात आणि इतिहासकार लेखकांकडे व ग्रंथांकडे वळतो. मुद्रण ही वाङ्मयाची केवळ पूर्वतयारी होय, ती एकदा झाली की तिच्याकडे पुन्हा पाहण्याचे कारण उरत नाही, अशी एक धारणा या मांडणीमागे असते. या धारणेमुळे ज्यांच्या कार्याचे पुरेसे विवेचन झाले नाही, त्यांत निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक जावजी दादाजी चौधरी (१८३९–१८९२) यांची प्रामुख्याने गणना करावी लागेल. त्यांचे नाव अपरिचित नाही. संस्कृतच्या अभ्यासकाला निर्णयसागर प्रत आणि पंडित कवींच्या अभ्यासकाला काव्यसंग्रहाचे भाग ठाऊक असतात. परंतु या प्रती विश्वसनीय का ठरल्या, या प्रश्नाचे उत्तर शोधताना संपादकांच्या विद्वत्तेपाशीच विचार थांबतो.

जावजींचे आयुष्य एका विशिष्ट क्रमाने घडले. प्रथम त्यांच्या हाती खिळा आला, नंतर खिळे ओतण्याचा कारखाना, त्यानंतर छापखाना आणि सर्वांत शेवटी ग्रंथमाला. तत्कालीन प्रकाशकांपैकी अनेकांचा प्रवास याच्या उलट दिशेने झाला. त्यांच्यापाशी ग्रंथ होता, म्हणून त्यांनी छापखाना शोधला किंवा काढला. निर्णयसागरच्या मुद्रणशुद्धीचे एक मुख्य कारण जावजींच्या आयुष्याच्या या क्रमात आहे आणि ते समजून घ्यावयाचे तर ग्रंथाच्या पानाआधी खिळ्यांच्या लाकडी पेटीकडे पाहावे लागते.

२. देवनागरीची पेटी

छापखान्याच्या बोलीत जिला केस म्हणत, ती ही पेटी म्हणजे लहानमोठ्या खणांत विभागलेला उथळ लाकडी कप्पा. प्रत्येक खणात एकाच अक्षराचे खिळे असत. शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रणातून ओतलेले हे खिळे वजनदार असल्यामुळे पेटीचे लाकूड टणक आणि सांधे पक्के असावे लागत. ज्या अक्षरांची गरज वारंवार पडते त्यांचे खण मोठे आणि हाताजवळ, तर क्वचित लागणाऱ्या अक्षरांचे खण लहान आणि दूर, हे तिच्या रचनेचे तत्त्व होते. खणांवर अक्षरे लिहिलेली नसत. जुळाऱ्याचा हात सरावाने योग्य त्या खणाकडे जाई. खिळ्याच्या अंगावरील खाच बोटाला लागली की तो सुलटा आहे की उलटा हेही न पाहता कळे. या दृष्टीने प्रत्येक पेटी हा त्या भाषेच्या वर्णव्यवहाराचा एक नकाशाच होता. मराठीच्या पेटीत ‘ळ’ला आणि ‘ऱ्य’मधील अर्ध्या रकाराला मोक्याची जागा द्यावी लागे. संस्कृतच्या जुळणीत त्यांचे महत्त्व ओसरे आणि विसर्ग, अवग्रह व नाना प्रकारची जोडाक्षरे पुढे येत.

रोमन लिपीसाठी वरची आणि खालची अशा दोन पेट्या आणि दोहोंत मिळून दीडशेच्या आसपास खण पुरत. देवनागरीची गोष्ट निराळी होती. व्यंजन, त्याचे अर्धे रूप, स्वरचिन्हे, रफार, अनुस्वार आणि असंख्य जोडाक्षरे यांमुळे खिळ्यांच्या प्रकारांची संख्या कित्येक शेकड्यांवर जाई. ही अडचण मराठी मुद्रणाच्या इतिहासाइतकीच जुनी आहे. क्रिस्तपुराणकर्त्या फादर स्टीफन्स यांनी १६०८ मध्ये गोव्यातून रोमला लिहिलेल्या पत्रात येथील लिपीचे ठसे करण्याची परवानगी मागितली होती. रोमनच्या दोन डझन अक्षरांच्या तुलनेत येथील अक्षरांची संख्या सहाशेच्या घरात जाते, ही अडचणही त्यांनी नोंदवली होती. ती योजना सिद्धीस गेली नाही. १६१६ मध्ये क्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले ते रोमन लिपीत. मराठीतील एका श्रेष्ठ काव्यग्रंथाला तेव्हा स्वतःच्या लिपीत छापले जाण्याचे भाग्य लाभले नाही, याच्या मुळाशी असलेल्या अडचणींपैकी खणांच्या संख्येची ही एक मोठी अडचण होय.

पुढे श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये देवनागरी खिळ्यांनी छापले गेले आणि १८१० च्या कोशासाठी मोडीचे खिळे वापरण्यात आले. पंचानन कर्मकार या कुशल कारागिराने तेथील नागरी खिळ्यांचा पाया घातला होता. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१७ पासून मराठी मुद्रण सुरू केले. परंतु त्यानंतरही दीर्घ काळ शिळाछापाचा पर्याय लोकप्रिय राहिला, आणि त्याचे कारण उघड होते. दगडावर लेखनिकाने मजकूर लिहिला की खिळे, पेट्या, ओतकाम या कशाचीच गरज उरत नसे. शिवाय पोथीच्या हस्ताक्षराला सरावलेल्या वाचकाला हे पान परके वाटत नसे. गणपत कृष्णाजी यांनीही प्रारंभी शिळाछापाचाच अवलंब केला. १८३१ मध्ये त्यांनी छापील पंचांग काढले. चरबीयुक्त शाईमुळे धार्मिक ग्रंथांना विटाळ होतो हा आक्षेप दूर करण्यासाठी त्यांनी शाईत तुपाचा उपयोग केला आणि पुढे स्वतःचे खिळेही तयार करविले.

शिळाछापाची मर्यादा मात्र ग्रंथसंपादनाच्या दृष्टीने मूलभूत होती. दगडावर लिहिलेल्या मजकुरात दुरुस्ती करणे कष्टाचे असे. खिळ्यांच्या जुळणीत चुकलेला एक खिळा चिमट्याने उचलून त्या जागी दुसरा बसविता येतो. मुद्रिते तपासणे, पाठभेद पडताळणे, शेवटच्या क्षणी एखादे अक्षर बदलणे या शास्त्रीय संपादनाच्या सवयी खिळाछापावर अवलंबून आहेत. अट एकच, की बदली खिळा पेटीत असला पाहिजे.

३. मिशनच्या छापखान्यातील उमेदवारी

जावजींचा जन्म १८३९ मध्ये मुंबईत एका गरीब कुटुंबात झाला. घरच्या परिस्थितीमुळे त्यांचे शालेय शिक्षण फारसे होऊ शकले नाही. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात दरमहा दोन रुपये वेतनावर लागले. काम होते खिळे घासण्याचे.

चरित्रकारांनी या तपशिलाकडे बहुधा गरिबीतून वर आलेल्या कर्तबगार पुरुषाच्या कथेचा प्रारंभ म्हणून पाहिले आहे. तो तसा आहेच, परंतु त्याला व्यावसायिक अर्थही आहे. हाताने ओतलेला खिळा साच्यातून निघाल्यावर लगेच वापरण्याजोगा नसतो. त्याच्या बुडाशी राहिलेला धातूचा देठ मोडावा लागतो आणि बाजूंना आलेली कड दगडावर घासून काढावी लागते. घासणे कमी झाले तर खिळे एकमेकांना नीट चिकटत नाहीत आणि ओळ फुगते. जास्त झाले तर खिळा सैल पडतो, छपाईच्या वेळी हलतो किंवा वर उचलला जातो. कानामात्रेचा पुढे आलेला नाजूक भाग निष्काळजी हाताने मोडतो. म्हणजे अक्षराच्या रूपाशी ज्याचा संबंध नाही अशा त्याच्या चार बाजूंवर छापील ओळीची सरळता अवलंबून असते. हे ज्ञान पुस्तकातून मिळणारे नव्हते. ते दहाअकरा वर्षांच्या मुलाच्या बोटांत रोजच्या घासण्याने उतरले. एवढ्या लहान वयात शिशाच्या सहवासात दिवस काढावे लागणे ही त्या काळच्या श्रमव्यवस्थेची कठोर बाजू होती, हे मात्र या संदर्भात विसरता येत नाही.

जावजी ज्या कारखान्यात शिकत होते तो साधा नव्हता. टॉमस ग्रॅहॅम यांच्या देखरेखीखाली मिशनच्या छापखान्यात देवनागरी अक्षरांचे नवे, लहान आणि सुबक ठसे तयार झाले होते. पोलादी ठशावर अक्षर उलटे कोरणे, तो तांब्यात ठोकून मातृका तयार करणे आणि त्या मातृकेवरून साच्यात खिळे ओतणे ही सर्व प्रक्रिया तेथे एकाच छताखाली चाले. जावजींनी तेथे सुमारे दहा वर्षे काढली असे मानले जाते. त्यानंतर टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांत त्यांनी काम केले. मिशनच्या छापखान्यात धर्मग्रंथ आणि पाठ्यपुस्तके छापली जात. इंग्रजी दैनिकाची निकड वेगळी आणि सुधारकांच्या इंग्रजी-मराठी पत्राची गरज आणखी वेगळी. कोणत्या कामाला किती खिळे लागतात, कोठे टंचाई पडते आणि टंचाई पडली की जुळारी कोणती पळवाट काढतो, हे या भ्रमंतीत त्यांच्या नजरेस आले असल्यास नवल नाही.

४. स्वतःचा कारखाना

१८६४ मध्ये जावजींनी स्वतंत्रपणे खिळे ओतण्याचा कारखाना सुरू केला. हे वर्ष मुंबईच्या आर्थिक इतिहासात महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते, शहरात पैसा खेळत होता आणि नवनवे उद्योग निघत होते. पुढच्याच वर्षी ही तेजी कोसळली आणि अनेक नामांकित पेढ्या बुडाल्या. जावजींचा उद्योग टिकला, कारण त्यांच्या मालाची गरज सट्ट्यावर अवलंबून नव्हती. नियतकालिके वाढत होती, शिक्षणखात्याच्या पुस्तकांची मागणी वाढत होती आणि प्रत्येक छापखान्याला खिळे हवे होते.

या कामी त्यांना राणूजी रावजी आरू या असामान्य कारागिराचे साहाय्य लाभले. निर्णयसागरच्या अक्षरांचे सौष्ठव ही मोठ्या अंशी आरूंच्या हाताची निर्मिती होय. अक्षराचा गोलावा, उभ्या दंडाची जाडी, शिरोरेषेचा जोड आणि दोन अक्षरांमधील अंतर यांचा त्यांनी साधलेला मेळ पुढच्या पिढ्यांना प्रमाण वाटला. ‘अ’, ‘झ’, ‘ण’, ‘ल’, ‘श’ या अक्षरांची मुंबईकडील वळणे स्थिर होण्यात या खिळ्यांचा वाटा मोठा आहे. निर्णयसागरचे खिळे अन्य छापखाने विकत घेत असल्यामुळे ज्या पुस्तकांवर जावजींचे नाव नाही अशी अनेक पुस्तकेही त्यांच्याच अक्षरांत वाचली गेली.

येथे मुंबईतील जुळणीपद्धतीचा थोडा विचार करणे अवश्य आहे. डिग्री या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पद्धतीत मूळ अक्षर लहान अंगावर ओतले जाई. वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार ही वरची चिन्हे आणि उकार, ऋकार ही खालची चिन्हे वेगळ्या बारीक खिळ्यांच्या रूपात वरच्या व खालच्या थरात बसविली जात. वाचकाला दिसणारी एक ओळ जुळाऱ्याच्या दृष्टीने तीन ओळींची असे. अखंड पद्धतीत चिन्हासह अक्षर एकाच अंगावर ओतलेले असे. पहिल्या पद्धतीत खणांची संख्या आटोक्यात राही, पण जुळणीचे श्रम वाढत आणि बारीक चिन्हे निसटण्याचा धोका असे. दुसऱ्या पद्धतीत जुळणी सोपी होई, पण पेट्या वाढत.

हा केवळ तांत्रिक तपशील नव्हे. एकोणिसाव्या शतकातील मराठी लेखनात अनुच्चारित अनुस्वाराला व्याकरणिक मूल्य होते. नपुंसकलिंगी ‘केलें’ आणि पुल्लिंगी अनेकवचनी ‘केले’ यांतील भेद एका बिंदूवर अवलंबून होता. १९६२ च्या लेखननियमांनी हा अनुस्वार प्रमाण लेखनातून गेला, परंतु त्याआधीच्या मुद्रित ग्रंथांत तो बिंदू म्हणजे स्वतंत्र धातूचा अतिसूक्ष्म तुकडा होता. तो पेटीत कमी पडला, जुळाऱ्याच्या हातून सुटला किंवा छपाईच्या दाबाखाली मोडला, तर पानावर चूक दिसते ती व्याकरणाची. जुन्या मुद्रित पुस्तकांवरून लेखकाच्या भाषेविषयी निष्कर्ष काढणाऱ्या अभ्यासकाने हे ध्यानात ठेवले पाहिजे.

५. छापखाना आणि ग्रंथमाला

१८६९ च्या सुमारास जावजींनी निर्णयसागर छापखाना काढला आणि निर्णयसागर पंचांग प्रसिद्ध होऊ लागले. मुंबईतील काळबादेवी भागातील कोलभाट गल्लीचा पत्ता पुढे संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर देशोदेशी पोहोचला. पंचांगाची निवड व्यवसायाच्या दृष्टीने दूरदर्शी होती. दरवर्षी हमखास खपणारे हे पुस्तक शुद्धतेचीही कसोटी पाहते. तिथी, नक्षत्र, घटी, पळे यांचे कोष्टक जुळविताना एक अंक चुकला तर मुहूर्त चुकतो आणि ती चूक घरोघर लक्षात येते. कोष्टकाच्या जुळणीत उभ्या-आडव्या रेषांच्या चौकटीत खिळा तंतोतंत बसावा लागतो. ज्या छापखान्याचे खिळे चारी बाजूंनी नेमके घासलेले आहेत त्यालाच असे काम साधते.

१८८१ मध्ये विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादकत्वाखाली बालबोध हे मुलांचे मासिक निघू लागले. १८८६ मध्ये पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी संपादिलेल्या काव्यमालेचा प्रारंभ झाला. अप्रसिद्ध किंवा दुर्मीळ संस्कृत काव्ये, नाटके, अलंकारग्रंथ आणि स्तोत्रे अल्प किमतीत उपलब्ध करून देणारी ही माला जावजींच्या पश्चातही दीर्घकाळ चालू राहिली. परबांचे सुभाषितरत्नभांडागार याच छापखान्यातून निघाले. आयुष्याच्या अखेरच्या पर्वात वामन दाजी ओक यांच्या संपादनाखाली काव्यसंग्रह सुरू झाला आणि मराठी पंडित कवींची रचना सुबक व स्वस्त रूपात वाचकांसमोर आली.

काव्यमालेतील सटीक ग्रंथाचे एक पान डोळ्यांसमोर आणले तर पेटीचा आणि ग्रंथाचा संबंध स्पष्ट होतो. वर मोठ्या अक्षरात मूळ श्लोक, त्याखाली लहान अक्षरात टीका आणि तळाशी त्याहूनही लहान अक्षरात पाठभेद व हस्तलिखितांचे संकेत. म्हणजे एका पानासाठी तीन आकारांचे पूर्ण संच लागतात. प्रत्येक आकारास चार पेट्या धरल्या तरी एका जुळाऱ्यापाशी बारा पेट्यांची सिद्धता हवी. त्यातही टीकेत ‘इति’, ‘अर्थः’, ‘भावः’ अशा शब्दांची सतत आवृत्ती होत असल्यामुळे ठरावीक अक्षरे झपाट्याने संपतात. आठ किंवा सोळा पाने जुळून त्यांची मुद्रिते शास्त्र्यांकडे गेली, की ती परत येऊन छपाई होईपर्यंत तेवढे सर्व खिळे अडकून पडतात. खिळे विकत घेणारा लहान छापखाना अशा वेळी दोनच मार्ग पत्करू शकतो. एक तर तपासणी घाईने उरकणे, किंवा नसलेल्या जोडाक्षराच्या जागी पाय मोडलेले व्यंजन वापरून वेळ निभावणे. ज्याच्या घरात ओतकाम चालू आहे त्याला या दोहोंची गरज पडत नाही. संपलेले अक्षर पुन्हा ओतता येते, नसलेले जोडाक्षर नव्याने कोरून घेता येते आणि मुद्रित विद्वानाच्या हाती पुरेसा वेळ राहू शकते. निर्णयसागरच्या संपादकांना जे स्वास्थ्य लाभले ते जावजींच्या कारखान्याने दिलेले होते.

हस्तलिखितांतील अपपाठांची मीमांसा करताना लेखनिकाची नजर ओळ सोडून जाणे, सदृश अक्षरांत गोंधळ होणे अशी कारणे अभ्यासक तपासतात. मुद्रित ग्रंथांच्या बाबतीत या कारणांना जुळाऱ्याची कारणे जोडली पाहिजेत. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांसारख्या अक्षरांचा घोटाळा लेखनिकाप्रमाणे जुळाऱ्याचाही होतो. परंतु शेजारच्या खणात हात पडल्यामुळे आलेले अक्षर रूपाने सदृश असेलच असे नाही. छपाईनंतर खिळे पुन्हा आपापल्या खणांत टाकताना एखादा चुकीच्या घरात पडला, तर त्याचा परिणाम पुढच्या पुस्तकात दिसतो, आणि त्या चुकीचा उलगडा त्या पुस्तकाच्या संहितेत कधीच सापडत नाही. झिजलेल्या खिळ्यामुळे वेलांटी पुसट होते. मोडलेल्या रफारामुळे शब्दच पालटतो. या दृष्टीने पाहता निर्णयसागरच्या पुस्तकांत अशा चुका कमी असणे हे पेट्यांच्या शिस्तीचे द्योतक आहे. संध्याकाळी खिळे नीट घरी गेले, म्हणून सकाळी ओळ शुद्ध आली.

तथापि, या यशाचा एक अनपेक्षित परिणामही नोंदविला पाहिजे. मुद्रणशुद्धी आणि पाठशुद्धी या दोन भिन्न गोष्टी आहेत. काव्यमालेतील अनेक ग्रंथ उपलब्ध झालेल्या मोजक्या हस्तलिखितांवरून सिद्ध झाले होते. संपादकांनी पाठभेद दिले, पण हस्तलिखितांची वंशपरंपरा ठरवून पाठनिर्णय करण्याची पद्धती तेव्हा येथे रूढ झालेली नव्हती. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे जे कार्य भांडारकर संस्थेत १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेले, त्याचा मानदंड काव्यमालेला लावणे न्याय्य नव्हे. परंतु निर्णयसागरचे पान इतके नितळ आणि निर्दोष दिसे की त्यावरील पाठ हाच ग्रंथाचा पाठ होय, असा विश्वास वाचकांत निर्माण झाला. अभ्यासक्रमांत, टीपांत, अवतरणांत तोच पाठ फिरत राहिला. खिळ्याच्या नेमकेपणाने हस्तलिखिताच्या उणिवेवर पांघरूण घातले, असे क्वचित म्हणावे लागते. हा दोष जावजींचा नव्हे. मुद्रकाच्या प्रामाणिकपणाला संपादनाचे प्रमाणपत्र मानणाऱ्या अभ्यासकांचा तो दोष आहे. जावजींच्या कार्याचे स्वरूप नेमकेपणाने समजून घेणे आवश्यक ठरते ते यासाठीही. त्यांनी काय साधले हे कळले म्हणजे त्यांच्याकडून कशाची अपेक्षा करू नये हेही कळते.

६. उत्तरकाळ

१८९२ मध्ये जावजींचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे त्रेपन्नच्या आसपास होते. दोन रुपये वेतनावर खिळे घासणाऱ्या मुलाने उभारलेली संस्था तोपर्यंत भारतातील संस्कृत मुद्रणाचे एक प्रमुख केंद्र बनली होती. पुत्र तुकाराम जावजी आणि त्यानंतर पांडुरंग जावजी यांनी ती चालविली. पुढील काळातील ग्रंथांवर प्रकाशक म्हणून सत्यभामाबाई पांडुरंग हे नाव आढळते. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर यांच्यासारख्या संपादकांमुळे ग्रंथशुद्धीची परंपरा विसाव्या शतकातही टिकली.

पेटीतील खणांचा प्रश्न त्यांच्या पश्चात सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. लोकमान्य टिळकांनी केसरीच्या निमित्ताने खिळ्यांची संख्या कमी करण्याच्या दृष्टीने विचार केला. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी पुरस्कारिलेल्या अ-च्या बाराखडीमागे अन्य हेतूंबरोबर मुद्रणसुलभतेचाही हेतू होता. लिपिसुधारणेची चळवळ वैचारिक वादांच्या अंगाने अभ्यासली जाते. तिचा एक उगम मात्र जुळाऱ्यासमोर अर्धवर्तुळात मांडलेल्या त्या लाकडी पेट्यांत होता. सुधारकांनी लिपी लहान करून पेटीत बसविण्याचा मार्ग सुचविला. जावजींचा मार्ग त्याच्या उलट होता. त्यांनी लिपीला हात न लावता पेटी लिपीएवढी मोठी केली. यांपैकी कोणता मार्ग इष्ट, याचे उत्तर त्या त्या गरजेवर अवलंबून आहे. दैनिकाला वेग हवा होता आणि काव्यमालेला अक्षर. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकापासून देवनागरीसाठी यांत्रिक जुळणी उपलब्ध होऊ लागली. पुढे प्रकाशजुळणी आणि संगणक आल्यावर खणांच्या संख्येचा प्रश्नच उरला नाही. संगणकाच्या लिपीत पारंपरिक जोडाक्षरे पुन्हा विपुलतेने दिसू लागली, हा एका अर्थी जावजींच्या भूमिकेचा विलंबाने झालेला विजय मानता येईल.

खिळाछापाचे छापखाने बंद होत गेले तेव्हा खिळे वितळवण्यासाठी वजनावर विकले गेले. शिशाला किंमत होती, रिकाम्या पेट्यांना नव्हती. काही सरपणात गेल्या. काही पुढे जुन्या वस्तूंच्या बाजारात आल्या आणि आता भिंतीवर टांगून त्यांच्या खणांत शोभेच्या लहान वस्तू मांडल्या जातात. लाकडावर साचलेला शिशाचा काळा थर आणि एखाद्या खणाच्या कडेला बोटांनी पडलेली झीज विकण्यापूर्वी घासून साफ केली जाते. हस्तलिखितांचे जतन करणाऱ्या संस्था आहेत, पहिल्या आवृत्त्या जपणारी ग्रंथालये आहेत. परंतु ज्या साधनातून त्या आवृत्त्या घडल्या त्याची गणना संशोधनसामग्रीत क्वचितच होते. कोणता खण किती मोठा होता, कोणत्या जोडाक्षराला स्वतंत्र घर होते, कोणते खण जास्त झिजले, या गोष्टी एकोणिसाव्या शतकातील मुद्रित मराठीच्या अभ्यासाला उपयुक्त ठरणाऱ्या आहेत. खणांची मांडणी नोंदवल्याशिवाय पेटी हलविली गेली तर हा पुरावा कायमचा नष्ट होतो. महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या मराठी विभागांनी आपापल्या परिसरातील जुन्या छापखान्यांच्या पेट्यांची छायाचित्रे व खणांचे आराखडे करून ठेवणे हे फारसे खर्चाचे काम नाही, आणि वयोवृद्ध जुळारी हयात आहेत तोवरच ते शक्य आहे.

निर्णयसागरच्या ग्रंथांवर संपादकाचे नाव आहे, मालकाचे नाव आहे, छापखान्याचा पत्ता आहे. जुळाऱ्यांची, ओतकाऱ्यांची, खिळे घासणाऱ्या मुलांची नावे नाहीत. त्या अनामिकांपैकी एक मुलगा पुढे मालक झाला, म्हणून त्याचे नाव उरले. जावजी दादाजींचे चरित्र महत्त्वाचे आहे ते एका उद्योजकाच्या यशापुरते नव्हे. ज्या श्रमातून मराठी आणि संस्कृत वाङ्मयाला आधुनिक रूप मिळाले, त्या श्रमाचा नामनिर्देशासह मिळणारा हा एक दुर्मीळ दाखला आहे. वाङ्मयेतिहासाने मुद्रणाला पहिल्या प्रकरणात ठेवून पुढे जाण्याऐवजी प्रत्येक ग्रंथाच्या विचारात त्या श्रमाला स्थान दिले, तर जावजींच्या कार्याचे मूल्यमापन यथार्थ होईल.